नकाशा न उघडता किती वेळ फिरता? (अलीकडचे ओपन वर्ल्ड आरपीजी, म्हणजे एका पात्राच्या भूमिकेत मोठ्या जगात मोकळं भटकायचे व्हिडिओ गेम)

वाटचुकार

मंडळी, परवा रात्री किंगडम कम: डिलिव्हरन्स २ खेळताना एक गोष्ट ध्यानात आली आणि ती डोक्यातून जातच नाहीये, म्हणून हा धागा.

ट्रॉस्कोविट्झ गावाहून गिरणीकडे निघालो होतो. मिट्ट काळोख. हातात मशाल, कारण या गेममध्ये रात्री मशालीशिवाय गावात हिंडलं की पहारेकरी हटकतो. निम्म्या वाटेत लक्षात आलं की आपण अजून एकदाही नकाशा उघडलेला नाही. फाटा कुठला, चढ कुठे लागतो, कुठल्या कुंपणाशी कुत्रं भुंकतं, सगळं पायांना माहीत झालंय. १४०३ सालचं बोहेमिया (आजच्या चेक देशातला भाग) आहे, माझा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, तरी वाट ओळखीची.

आणि मागच्याच वर्षी एक भलामोठा गेम ८० तास खेळून संपवला, त्यातल्या एका गावाचं नाव आज आठवत नाही. खरं सांगायचं तर मी त्या गावांमधून चाललोच नव्हतो, पडद्याच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यामागे चाललो होतो.

तर, गेल्या तीन-चार वर्षांतल्या कुठल्या गेमने तुम्हाला नकाशा विसरायला लावला? आणि कुठे नकाशा हाच गेम होऊन बसला? ग्राफिक्स कार्ड, एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) यांवर आपण पुष्कळ भांडून झालंय, ते इथे कृपया नको.

सतरावेळामेलो

एल्डन रिंग. धागा बंद करा.

वाटचुकार

इतक्या लवकर नाही. नीट लिहा की राव.

सतरावेळामेलो

बरं.

सुरुवातीच्या भुयारातून बाहेर पडलात की समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार फिरतोय, ट्री सेंटिनेल. बाकी सगळ्या गेममध्ये पहिला शत्रू म्हणजे उंदीर, फार तर लांडगा. इथे हा. मी सात वेळा गेलो, सातही वेळा मेलो. आठव्या वेळी मुकाट्याने झुडपांआडून लांबचा वळसा घातला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हेच शिकवायचं होतं: जमत नाही? दुसरीकडे जा, नंतर ये. पडद्यावर कुठे लिहून दाखवलं नाही, टापांखाली तुडवून शिकवलं.

नकाशा सुरुवातीला जवळजवळ कोराच असतो. त्या त्या भागाचा तुकडा सापडला की तेवढा भरतो. आणि तुकडा कुठे आहे त्याची बारीकशी खूण त्या कोऱ्या नकाशावर असते, म्हणजे तिथवर अंदाजपंचेच जायचं. खूण आहे पण वाट नाही. हा फरक मला फार आवडला.

शिवाय लिमग्रेव्ह या सुरुवातीच्याच प्रदेशात तळ्यातल्या पडक्या अवशेषांत एक पेटी आहे. तिच्याबद्दल याहून एक शब्द जास्त लिहिणार नाही. न खेळलेल्यांनी उघडू नका एवढंच सांगतो, आणि तुम्ही उघडणारच आहात हेही मला ठाऊक आहे.

रात्रपाळी

त्या पेटीला +१. लाल आभाळ! मी कंट्रोलर मांडीवर ठेवून पाच मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

पण माझ्यासाठी पेटीपेक्षा ती विहीर. जंगलात एक पडकं बांधकाम, आत लिफ्ट. ती खाली जाते, जाते, जातच राहते. एका क्षणी वाटलं गेम अडकला. आणि खाली पोहोचलो तर जमिनीखाली आभाळ भरून चांदणं. नकाशात याचा पत्ताच नाही, कारण नकाशाला खालचा मजला असू शकतो हे तोवर आपल्याला माहीतच नसतं.

एकतासफक्त

सगळं खरं, पण जरा माझ्याही बाजूने बघा.

मला दिवसाचा एक तास मिळतो, तोही घरातले सगळे झोपल्यावर. पायांना वाट माहीत व्हायची तर पाय तिथे रोज चार तास असावे लागतात. एल्डन रिंग मी दोनदा सुरू केला. मध्ये दोन आठवडे खंड पडला आणि परत आलो तर कोण कुठे भेटायला बोलावून गेलं होतं, कुणाला काय नेऊन द्यायचं होतं, काही म्हणता काही आठवेना. कामांची नोंद ठेवणारी वहीच नाही त्या गेमात! तिसऱ्यांदा सुरू करायचा धीर झाला नाही.

तुम्ही लोक ज्या खुणांना नावं ठेवता त्या माझ्यासाठी पुस्तकातल्या दुमडलेल्या पानांसारख्या आहेत. ॲसॅसिन्स क्रीड शॅडोज मी गाइडेड मोडवर खेळतो, म्हणजे कुठे जायचं ते गेमच दाखवतो. न दाखवणारा मोडही त्यात आहे: ठिकाणाचं तोंडी वर्णन मिळतं, अमुक भागात, तमुक डोंगराच्या पूर्वेला, आणि मग आपले हेर पाठवून शोधायचं. दोन दिवस केलं. दुसऱ्या दिवशी माझा पूर्ण तास एका देवळाला प्रदक्षिणा घालण्यात गेला. मोड बदलला, आता मजेत आहे. हिवाळा आला की लपायचा झाडोरा विरळ होतो, तळी गोठतात, मग कालचीच गढी आज वेगळ्या बाजूने शिरून घ्यावी लागते. हे मला ठिपक्यामागे चालूनसुद्धा दिसतं बरं का.

वाटचुकार

@एकतासफक्त, मान्य, आणि "पाय चार तास असावे लागतात" याला दाद.

पण खुणा वाईट असं मी म्हणतच नाहीये. घोस्ट ऑफ योतेई बघा. कुठे जायचं ते वारा सांगतो. ठिकाण निवडलं की त्या दिशेने वारा सुटतो, गवत झुकतं, पानं उडतात. म्हणजे खूणच ती, ठिपक्याइतकीच नेमकी. पण ती बघायला मान वर करून माळरानाकडे बघावं लागतं, कोपऱ्यातल्या गोलाकडे नाही. आधीच्या घोस्ट ऑफ सुशिमामध्येही हेच होतं, २०२० मध्ये. पाच वर्षं झाली, ही युक्ती बाकीच्यांनी का उचलली नाही कोण जाणे. बारीक वर्तुळात बाण काढणं सोपं असावं.

कुंपणावरचा

वारा वगैरे ठीक, पण त्या सोनेरी पक्ष्यामागे पन्नासाव्यांदा धावून पुन्हा गरम पाण्याच्या कुंडापाशी पोहोचलात की पक्षी हाही ठिपकाच. पंख असलेला.

शेजारी_बसणारी

मी खेळत नाही. नवरा खेळतो, मी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून बघते. तरी या धाग्यावर लिहायचा हक्क मला आहे असं समजते, कारण आमच्या घरातला नकाशा मी आहे.

त्याला तलवारबाजी जमते, रस्ते लक्षात राहत नाहीत. माझं बरोब्बर उलट. ड्रॅगन्स डॉग्मा २ आम्ही असाच पूर्ण केला. त्यात झटपट प्रवासाचे दगड मोजके, म्हणून लांब जायचं तर बैलगाडी. गाडीत बसलं की डुलकी काढायची सोय आहे. नशीब असेल तर उठता ते थेट मुक्कामाला, नसेल तर गॉब्लिनांच्या आरोळीने जाग येते. एकदा ग्रिफिन थेट गाडीवरच उतरला. गाडीचा भुगा. आणि मग उरलेला रस्ता पायी, रात्री, कंदिलातलं तेल संपत आलेलं. त्यात या गेममध्ये जखमा साचत जातात, म्हणजे औषध घेतलं तरी जिवाची पट्टी पूर्ण भरत नाही, त्यासाठी कुठेतरी झोपावंच लागतं.

मी म्हटलं, "त्या कड्याखाली चल, परवा तिथेच तर तंबू ठोकला होता."

तो म्हणाला, "कुठला कडा?"

तीन दिवस तो त्याच कड्यावरून ये-जा करत होता!

सतरावेळामेलो

@शेजारी_बसणारी, आजवरचा सर्वोत्तम प्रतिसाद. धागा आता खरंच बंद केला तरी चालेल.

कुंपणावरचा

मजेशीर आहे, पण ड्रॅगन्स डॉग्माचं इतकं कौतुक ऐकवत नाही. पन्नास पावलांवर गॉब्लिन, पुढच्या पन्नासावर सरडे, मग पुन्हा गॉब्लिन. तोच रस्ता सहाव्यांदा तुडवताना त्याच वळणावर तेच चौघे उभे. सोबतचे पॉन (गेमच चालवतो ते साथीदार) तर बोलायचे थांबतच नाहीत, शिडी दिसली तरी त्यावर मत देतात. प्रवास लांबवला म्हणून तो प्रवास होत नाही. वाटेत काहीतरी बदलावं लागतं.

उलट टोकाला स्टारफील्ड. हजाराहून जास्त ग्रह! यानातून उतरा, लांबवर तीन खुणा, मध्ये ओसाड माती. धापा टाकत पोहोचा तर मागच्या ग्रहावर पाहिलेलीच प्रयोगशाळा, तेच टेबल, आणि त्याच्या बाजूला तसंच पडलेलं तेच प्रेत. पहिल्यांदा मी त्या शास्त्रज्ञाची चिठ्ठी मन लावून वाचली होती. दुसऱ्यांदा दुसऱ्या सूर्यमालेत तीच चिठ्ठी बघून हसावं की रडावं कळेना. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये फिरायला गाडी दिली. ओसाडातून लवकर सुटका झाली, एवढंच.

आमच्या पाहण्यात दाट वस्ती एकच, सायबरपंकमधलं डॉगटाउन. २०२० च्या डिसेंबरात तो गेम कसा आला होता ते सगळ्यांना आठवत असेल, प्लेस्टेशनच्या स्टोअरमधून काही महिने गायबच होता. पण सप्टेंबर २०२३ मध्ये २.० पॅच (मोठी दुरुस्ती) आणि पाठोपाठ फँटम लिबर्टी ही जोडकथा आल्यावर मी परत गेलो. डॉगटाउन म्हणजे नाइट सिटी या गेममधल्या शहराचा एक कोपरा, चालत आरपार जाता येतं. गाडी लावून टाका, कोपऱ्यातला नकाशा सेटिंगमधून बंद करा आणि चाला. वर बघा, खाली बघा. हजार ग्रह एका पारड्यात टाका, मी हा एवढासा तुकडा उचलेन.

रात्रपाळी

स्टारफील्डची बाजू घेणारा मी इथे एकटाच दिसतोय, तर घेतो.

ग्रह बघायला जाऊ नका. त्या गेममध्ये पत्ता म्हणजे ग्रह नव्हे, यान. मी माझं यान चार वेळा मोडून बांधलं. सुरुवातीला जिना नको तिथे यायचा, सुकाणूच्या खोलीत जायला कोठीतून वळसा पडायचा. तिसऱ्या वेळी कुठे मनासारखी मांडणी झाली. आज डोळे मिटून सांगतो, कुठून किती पावलं आणि कुठलं दार. वाटचुकार म्हणतात ती "पायांना माहीत" अवस्था मला आली ती चार भिंतींच्या आत आली. बाहेर बाकी, हो, ओसाडच.

जुना_गडी

वाचतोय सगळं. दोन शब्द इतिहासाचे.

मॉरोविंड, २००२. खुणा नाहीत, बाण नाहीत. कामाचा पत्ता माणूस तोंडी सांगणार: पूल ओलांड, नदीच्या कडेने उत्तरेला जा, खडकांपाशी पूर्वेला वळ. ते आपल्या रोजनिशीत उतरायचं, आणि तेवढ्यावर निघायचं. हल्ली लोक याचे गोडवे गातात. मी ते खेळलोय म्हणून सांगतो, काही पत्ते इतके मोघम असत की तासन्‌तास डोंगर पालथे घातले आणि वरून ते उडते क्लिफ रेसर टोचा मारत बसले. आज ते रम्य वाटतं कारण तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि तास म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. @एकतासफक्त यांच्याशी पूर्ण सहमत.

आता ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड, म्हणजे त्याच मालिकेतला पुढचा गेम नव्या रूपात. २२ एप्रिल २०२५ ला जाहीर झाला आणि त्याच दिवशी खेळायलाही मिळाला. रंगरंगोटी अनरियल ५ या नव्या इंजिनची, हाडं २००६ चीच. सुरुवातीच्या गटारातून बाहेर आलो, लोखंडी दार, समोर तळं, पलीकडे पांढरे भग्न खांब. हात आपोआप तिकडे वळला. एकोणीस वर्षांनीही! नकाशा उघडायचा प्रश्नच नव्हता. मधल्या काळात मी जिथे राहिलो त्या दोन-तीन पत्त्यांवरची गल्ली मला आज सांगता येणार नाही, पण ते खांब जागच्या जागी होते.

आणि जुने विनोदही जागच्या जागी. आपण बलवान झालो की दरोडेखोरही होतात. जंगलात वाट अडवून शंभर नाणी मागणारा इसम, आणि अंगावर काचेचं अस्सल चिलखत! अरे बाबा, ते विक आणि घरी बस.

एकतासफक्त

काचेच्या चिलखतावर खूप हसलो, शेजारच्या खोलीतून "झोपा आता" आलं.

मूळ धाग्यातल्या किंगडम कम २ बद्दल विचारायचं होतं. त्यात म्हणे सेव्ह करायलाही ते श्नॅप्स का काय प्यावं लागतं. मग माझ्यासारख्याने तास संपला की करायचं काय?

वाटचुकार

गैरसमज दूर करतो. "सेव्ह करून बाहेर पडा" हा पर्याय आहे, तो कधीही चालतो. बिछान्यात झोपलात तरी सेव्ह होतं (बिछाना आपला किंवा भाड्याचा हवा, दुसऱ्याच्या घरात आडवे झालात तर मालक बोंब ठोकतो). खेळता खेळता मध्येच हवं तेव्हा सेव्ह करायचं असेल तर श्नॅप्स.

आणि ते स्वतः बनवा, माझं ऐका. टेबलापाशी उभं राहायचं. कढईत आधी वाइन. मग नेटलची पानं. भाता मारून उकळी आणायची, वाळूचं घड्याळ उलटं करायचं, वाळू संपेपर्यंत तिथेच उभं. दरम्यान दुसऱ्या हाताने खलबत्त्यात बेलाडोना कुटायची. पहिल्या वेळी मी घड्याळ उलटं करायला विसरलो आणि जे तयार झालं ते अगदीच हलक्या प्रतीचं. त्यानंतर मात्र पाककृतीचं पान परत उघडावं लागलं नाही. नकाशाचं जे होतं तेच इथे. हा गेम तुमच्याकडून एकेक गोष्ट पाठ करून घेतो. शिकवत नाही, पाठ करून घेतो.

लोकांची आठवणही पक्की आहे. कुणाच्या घराभोवती घुटमळताना दिसलात आणि नंतर तिथली वस्तू गायब झाली, तर चोरी करताना कुणी बघितलं नसलं तरी संशय तुमच्यावरच. रक्ताळलेल्या कपड्यांत बोलायला गेलात तर समोरचा नाक मुरडतो. म्हणून गावात शिरायच्या आधी मी पाण्याच्या टाकीशी तोंड धुतो. कुणी सांगितलं म्हणून नाही, सवय लागलीये.

कुंपणावरचा

हे मात्र खरं. तो गेम मी अर्धवट सोडला, पण तोंड धुवायची सवय मलाही लागली होती. सुरुवातीचे दहा तास फार रेंगाळतात हे लिहा की. खोड्यात अडकून भाजीपाला खाण्यात काय रस आहे?

वाटचुकार

रेंगाळतात. ट्रॉस्की गढीत जायला लग्नाचं निमित्त शोधत लोहाराकडे नाहीतर गिरणीवाल्याकडे खपावं लागतं. मला ते आवडलं, सगळ्यांना आवडेल असं नाही.

रात्रपाळी

अवांतर, पण धाग्याला धरून. मागे एका गेमचा माझा ४० तासांचा सेव्ह उडाला. कुठला गेम ते सांगत नाही, उगाच वाद. तीन दिवस सुतकात होतो. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, आणि तेवढंच अंतर निम्म्याहून कमी वेळात कापलं. एका ठिकाणी काम मिळायच्या आधीच मी त्या गुहेच्या तोंडाशी उभा होतो, अन् पात्र मला सांगतंय की "तिकडे एक गुहा असल्याचं ऐकतो". ऐकतोस काय, राहून आलोय.

गुपचूप_वाचणारी

पहिलाच प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या. एवढी वर्षं फक्त वाचत होते. भावाचा कन्सोल महिनाभर माझ्याकडे आहे आणि त्यावर एल्डन रिंग, विचर ३ आणि ड्रॅगन्स डॉग्मा २ आहेत. आजवर पत्त्यांचे गेम सोडून काही खेळलेले नाही. कुठून सुरुवात करू?

एकतासफक्त

विचर ३. डोळे झाकून. २०१५ चा असला तरी. वेलेनमधल्या ब्लडी बॅरनच्या गोष्टीपर्यंत जा, पुढे तुमचं तुम्ही ठरवाल. वही आहे, खुणा आहेत, गोष्ट कुठवर आली ते गेम परत सांगतो.

कुंपणावरचा

विचर ३ लाच मत. फक्त स्केलिगे बेटांच्या समुद्रात नकाशावर दिसणाऱ्या प्रश्नचिन्हांच्या नादी लागू नका. होडी हाका, पाण्यातली पिंपं उघडा, उडते राक्षस मारा, पुन्हा हाका. एवढ्या सुंदर गेममध्ये हे कुणाला सुचलं?

शेजारी_बसणारी

काहीही घ्या, पण शेजारी कुणालातरी बसवा.

सतरावेळामेलो

एल्डन रिंग. पत्ते खेळणाऱ्यांना हरायची सवय असते.

गुपचूप_वाचणारी

आज तिसरी रात्र. एल्डन रिंगच घेतला, सतरावेळामेलो यांच्या शेवटच्या वाक्यामुळे.

त्या घोडेस्वाराला पहिल्याच वेळी वळसा घातला, इथे वाचलं होतं म्हणून. फार हुशार वाटलं. मग घोडा मिळाला, तो उधळत तळ्यात गेले, वरून ड्रॅगन उतरला. जीव घेऊन पळाले ते पडक्या भिंतींमध्ये. तिथे खाली जाणारा जिना होता. उंदीर होते. आणि एक पेटी.

रात्रपाळी

अरेरे.

सतरावेळामेलो

हात जोडतो. सांगितलं होतं.

गुपचूप_वाचणारी

जीव वाचला या आनंदात साफ विसरले. धूर आला आणि आता कुठल्यातरी खाणीत आहे. भिंतीतून मोठमोठे स्फटिक, सगळीकडे खोदणारे. नकाशा उघडला तर सगळा कोरा, आणि मी पार भलत्याच टोकाला. झटपट प्रवास होत नाहीये.

सतरावेळामेलो

घाबरू नका. मारामारी करायचीच नाही, फक्त पळायचं. खोपटातून बाहेर पडलात की आधी

गुपचूप_वाचणारी

थांबा, सांगू नका! एका बाजूला उजेड दिसतोय. लालसर आहे.